सोमवारी दुपारी पाणी घोट्याएवढं होतं

नगरपरिषदेकडे आपत्कालीन आराखडा आहे की नाही, एवढा एक प्रश्न विचारायला आम्ही वर्षभर खेटे घातले. आम्ही म्हणजे सहा-सात पोरं-पोरी. कुणी कॉलेज संपवून बसलेलं, कुणी आठवडाभर मुंबईत नोकरी करून रविवारी वसईत भांडणारं. आमच्याकडे एक ओळखीचा छापखाना होता आणि लग्नपत्रिकांतून उरलेला गुलाबी कागद होता. तेवढ्यावर आम्ही स्वतःला संघटना म्हणवून घ्यायचो.

पहिल्यांदा सांगितलं, आराखडा आहे पण कपाटात आहे. मग कळलं, कपाटाची चावी ज्यांच्याकडे असते ते रजेवर आहेत. मग ते आले तर म्हणाले, हा तहसीलचा विषय. शेवटी मे महिन्यात आम्ही दारातच बसलो. तिसऱ्या दिवशी एक कारकून आतून एक फाइल घेऊन आला, पाहुण्याला जुनी चादर काढून द्यावी तशी ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "घ्या मॅडम. वाचा आणि निवांत झोपा."

तीसेक पानं होती. मुखपृष्ठावर वर्षाच्या आकड्यावर पांढरी शाई फासून वर नवा आकडा लिहिला होता. उजेडात धरलं की खाली मागचं वर्ष दिसायचं, त्याच्याही खाली त्याच्या मागचं. मी ते पाहिलं, सगळ्यांना दाखवलं, आम्ही खूप हसलो. वरच्या पानावर जे झालंय तेच आतही झालं असेल, हा विचार मात्र माझ्या डोक्यात आला नाही. कारण तोवर मी एकोणिसाव्या पानावर पोचले होते. तिथे साधनसामग्रीची यादी होती. दोर, शिड्या, टायरच्या ट्यूब, कंदील. आणि त्याखाली: होड्या, तीन.

होडी मला का हवी होती ते सांगते. आम्ही राहतो ती इमारत उमेळ्याच्या अंगाला आहे. कागदोपत्री तिला सोसायटी म्हणतात, खरं म्हणजे ती भातखाचरात उभी आहे. बिल्डरने दोन खाचरं भरणी करून उंच केली, त्यावर चार मजले चढवले आणि पाणी खाडीकडे जायची वाट बुजवून टाकली. पाऊस आणि उधाणाची भरती एकाच दिवशी आली की खाडी जमिनीचं पाणी घेत नाही, ते परत फिरतं आणि आमच्या फाटकात येऊन बसतं. गावातल्या जुन्या लोकांची घरं उंच जोत्यावर आहेत. त्यांना कुणी आराखडा दिला नव्हता, आजोबांनी जोतं दिलं होतं. आमच्या इमारतीचा तळमजला रस्त्याला टेकलेला.

त्या तळमजल्यावर काका-काकू राहायचे. नात्यातले नव्हेत, शेजारचे. मूळचे साताऱ्याकडचे, मूलबाळ नाही. काका पोस्टातून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला स्टेशनजवळच्या एका खासगी दवाखान्यात डायलिसिस. मंगळवार ते शुक्रवार ते तसे बरे असायचे. शुक्रवार ते मंगळवार मात्र एक दिवस जास्त, आणि तो जास्तीचा दिवस त्यांच्या पायांवर आणि श्वासावर दिसायचा. दिवसाला किती पाणी प्यायचं ते ठरलेलं. स्टीलच्या तांब्यात काकू सकाळीच मोजून ठेवायच्या. त्या दिवसांत आमच्याकडे नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी यायचं आणि बायका टँकरच्या मागे धावायच्या. काका म्हणायचे, "सगळी वसई पाण्यासाठी बोंबलतेय आणि मला पाणी प्यायची बंदी. नगरपरिषदेचा लाडका नागरिक मीच."

मंगळवार चुकला तर काका वाचणार नाहीत, हे डॉक्टरांनी काकूंना आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. काकूंनी मला सांगितलं होतं. मी ते चौकाचौकात माइकवर सांगत फिरत होते. तळमजल्यावर डायलिसिसचा पेशंट आहे, पाणी भरलं तर त्याला कसं नेणार, सांगा. नगरपरिषदेच्या साहेबांकडे उत्तर नव्हतं. एकोणिसाव्या पानाकडे होतं, असं मला वाटलं.

मग मी पत्रक लिहिलं. पत्रकं मीच लिहायचे, माझ्या भाषेला धार आहे असं सगळे म्हणायचे. त्यातल्या ओळी अजून पाठ आहेत. "नागरिकांनो, तीन होड्या तुमच्या आहेत. पाणी भरलं तर घर सोडून पळू नका. नियंत्रण कक्षाला फोन करा आणि त्यांना तुमच्या दारात यायला लावा. आपण उपकार मागत नाही, हक्क मागतो." गुलाबी कागदावर काळ्या ठळक अक्षरांत छापून घेतलं आणि जूचंद्रपासून सांडोरपर्यंत वाटलं.

काकांनी पत्रक दोनदा वाचलं. चष्मा कपाळावर सरकवून मला म्हणाले, "पुढारीणबाई, भाषा झकास आहे. होडी पाहिलीस का?"

मी म्हटलं, शिक्का आहे, सही आहे, आणखी काय पाहायचं. पोस्टातल्या माणसाला मी शिक्क्याचं महत्त्व सांगत होते. ते हसले आणि पत्रकाची घडी घालून पंचांगात ठेवून दिली.

आषाढ संपत आला होता. शनिवारपासून पाऊस लागून राहिला होता आणि सोमवारी उधाण होतं. दुपारी दोनला मी खाली आले तेव्हा फाटकात पाणी घोट्याएवढं होतं. रिक्षा उभी होती, चालू ठेवलेली. काकूंची धाकटी बहीण स्टेशनजवळ राहते, दवाखान्यापासून चालत पाच मिनिटं. काकूंनी पिशवी भरली होती, औषधं, फाइल, काकांचे दोन शर्ट. काका दारात खुर्चीवर बसून चपला घालत होते. रिक्षावाला हिंदीत ओरडत होता की अर्ध्या तासाने त्याचा बाप पण इकडे येणार नाही.

काकूंचं मन मात्र पुरतं ठरलेलं नव्हतं. बहीण तिसऱ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नाही. एक मजला चढला तरी काकांना धाप लागायची. त्या मला म्हणाल्या, "काय गं, जावं ना?"

त्यांनी मला विचारलं, कारण त्या इमारतीत आराखडा वाचलेली मी एकटीच होते.

मी म्हटलं, "काकू, तीन जिने चढवून त्यांना दमवताय कशाला? उद्या दहाला होडी दारात आणते. आणि आपण का पळायचं? त्यांनी यायला हवं."

काकू काकांकडे पाहायला लागल्या. काका म्हणाले, मेहुणीचा जिना चढण्यापेक्षा पुढारीणबाईंची होडी बरी. त्यांनी चपला काढल्या. रिक्षात बाजूच्या विंगमधलं एक कुटुंब बसून गेलं.

आणखी एक गोष्ट मी त्या दुपारी केली. आमच्यातल्या एकाकडे कॅमेरा होता. त्याला फोन केला आणि सांगितलं, उद्या सकाळी ये, काकांना होडीत बसवतानाचा फोटो पाहिजे, पुढच्या पत्रकाला. मी तो फोन केला होता.

पाच वाजता पाणी गुडघ्याला लागलं. दिवेलागणीला ते काकांच्या फरशीवर होतं. वीज गेली. इमारतीतल्या चार पुरुषांनी काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर आमच्या घरी दुसऱ्या मजल्यावर आणलं. त्याआधी फोन चालू होता तोवर मी नियंत्रण कक्षाला सात वेळा फोन लावला. लागला तीनदा. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, हद्द कुठली? आमची इमारत नगरपरिषदेत आणि समोरचा रस्ता ग्रामपंचायतीत, हे मी त्यांना समजावलं. दुसऱ्या वेळी मी आवाज चढवला. तिसऱ्या वेळी तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमची तक्रार नोंदवलीय. संबंधितांना कळविले असं लिहिलंय."

"संबंधित कोण?"

"ते लिहायला रकाना नाही," तो म्हणाला. मग फोनच मुका झाला.

ती रात्र मी इथे लिहीत नाही. काका बसूनच होते, आडवं झालं की दम लागायचा.

मंगळवारी सकाळी पाणी कमरेला होतं. दहा वाजले, अकरा वाजले. होडी यायची वाट पाहत मी गॅलरीत उभी राहिले, डायलिसिसची वेळही त्यातच गेली. अकराला काकूंनी घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर मी निघाले. कंपाउंडच्या भिंतीला धरून, मग वाडीच्या कुंपणाला धरून रेल्वेच्या रुळांपर्यंत. रुळांचा बांध तेवढा कोरडा होता. गाड्या बंद, आणि स्लीपरवरून माणसं दोन्ही दिशांनी मुकाट चालत होती, डोक्यावर बोचकी. मी वसईच्या दिशेने वळले, नगरपरिषदेकडे.

आता कळतं, मी उलटीकडे वळायला हवं होतं. पण मला टेबलासमोर उभं राहून भांडायची सवय होती. माझी सगळी हुशारी टेबलासमोरची.

नियंत्रण कक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली, तिथे मतदारयाद्यांचे गठ्ठे होते, एक टेबल, एक फोन, एक रजिस्टर. फोन बंद. मला फाइल देणारा कारकूनच तिथे बसला होता. शर्ट अंगावर ओला, दाढी वाढलेली, दोन दिवस घरी गेला नव्हता. त्याच्याभोवती वीसेक माणसं ओरडत होती आणि तो एकेकाचं म्हणणं रजिस्टरमध्ये उतरवत होता. पुढे "कळविले". फोन बंद असताना. कुणाला कळविले, देव जाणे.

मी होडी मागितली. त्याने फाइल उघडली, एकोणिसावं पान काढलं, बोट फिरवलं आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान आलं. म्हणाला, "ही बघा, आहे ना होडी. कोळीवाड्यात. मालकाचं नाव आहे."

"बोलावली का?"

"निरोप न्यायला माणूस नाही."

"मग पाठवा ना माणूस."

"मॅडम," तो म्हणाला, "माणूस असता तर होडी कशाला लागली असती. पाठीवर आणलं असतं."

मी तिथे भांडत राहिले. अधिकारी कुठे आहेत, पाहणीला गेलेत. पाहणी कुठे, ते निघाल्यावर ठरणार होतं. त्यात दुपारचे दोन वाजले. शेवटी मी ते नाव हातावर पेनने लिहून घेतलं आणि रुळांवरून परत नायगावकडे निघाले, खाडीकाठच्या कोळीवाड्यात. आमच्या घरावरून जाताना बांधावरून इमारत दिसत होती. वर कपडे वाळत घातल्यासारखी माणसं गॅलऱ्यांना लटकलेली.

कोळीवाड्यात मी हातावरचं नाव विचारलं. एक पन्नाशीचा माणूस ओसरीवर जाळं विणत होता. त्याने माझा हात उलटसुलट करून पाहिला, वाचता येत नव्हतं म्हणून मीच नाव वाचून दाखवलं.

"तो माजा बाप," तो म्हणाला. "जाऊन सात वर्सं झाली. त्याचं काय काम हाय?"

मी सांगितलं, त्यांचं नाव नगरपरिषदेच्या कागदात आहे. पूर आला की होडी घेऊन यायची त्यांच्यावर जबाबदारी आहे.

"मेल्यावर पन?" तो म्हणाला. बायको आतून हसली. मला रडू फुटलं आणि मग ते दोघं हसायचे थांबले.

मी काकांचं सगळं सांगितलं. तो उठला आणि मला घराच्या मागे घेऊन गेला. होडी होती. काठावर, लाकडी ओंडक्यांवर चढवलेली, वर माडाच्या झापांचं छप्पर. त्याने झाप बाजूला केला. फळ्यांच्या सांध्यांत माझं बोट जाईल एवढ्या फटी होत्या.

"पावसात होडी पान्यात नसते, बाय," तो म्हणाला. "ज्येष्ठात वर काढतो. लाकूड सुकतं, सांधे उघडतात. मग काथ्या ठोकायचा, डांबर घालायचं, आनि नारळी पुनवेला नारळ दिला की पान्यात. आता घातली तर ह्या खाडीतच बसेल खाली. ह्ये कोळ्याच्या पोराला पन ठावं."

मी विचारलं, बाकीच्या दोन? त्या शेजारच्यांच्या. त्याही अशाच.

पावसाळ्यासाठी केलेल्या आराखड्यात त्यांनी अशा वस्तू लिहिल्या होत्या ज्या नेमक्या पावसाळ्यात नसतात. कुणीतरी कधीतरी उन्हाळ्यात खाडीवर आलं असेल, पाण्यात तीन होड्या दिसल्या, लिहून घेतल्या. त्यानंतर वर्षं बदलत गेली, पांढरी शाई चढत गेली. आणि मी, वसईत लहानाची मोठी झालेली, नारळी पौर्णिमेची मिरवणूक दरवर्षी पाहणारी, मलाही ते सुचलं नव्हतं. कोळीवाडा आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. वर्षभर मी नगरपरिषदेच्या पायऱ्या झिजवल्या, इथे एकदाही आले नव्हते. पुढच्या मे महिन्यात मी फाइल पुन्हा पाहिली. वर्ष बदललं होतं, होड्या तीनच होत्या, मालक तोच मेलेला.

तो कोळी मात्र माझ्याबरोबर आला. दोर खांद्यावर टाकला, कोयता कमरेला खोचला, बायकोला सांगितलं वाट बघू नको. रुळांवरून चालताना म्हणाला, "तरंगायला होडीच पायजे असं कोन बोललं?"

उमेळ्याच्या वाडीत केळी होती, अर्धी पाण्यात. वाडीवाल्या मावशी आपल्या जोत्यावर कोरड्या उभ्या होत्या, गळ्यात क्रूस, हातात काठी. आमच्या इमारतीच्या जागी आम्ही चिंबोऱ्या पकडायचो, असं त्या एरवी येताजाता ऐकवायच्या. त्या दिवशी काही ऐकवलं नाही. कोळ्याने केळीचे खांब मागितले. घडांना अजून महिना हवा होता. त्यांनी काठीने दाखवलं, हे घ्या, हे घ्या, आणि ते पण घ्या. अंधार पडायच्या आत खांब कापून, बांबूच्या खुंट्यांनी एकमेकांत ओवून तराफा तयार झाला.

पण तेव्हा भरती चढत होती आणि फाटकापाशी पाण्याला ओढ होती. मी म्हटलं, आत्ता जाऊ. तो नाही म्हणाला. अंधारात भरतीच्या तोंडावर आजारी माणूस तो घालणार नव्हता, सकाळी ओहोटी लागली की काढू. मी त्याच्याशीही भांडले. तो तराफ्याच्या खुंट्या ठोकून पाहत राहिला. त्याचं बरोबर होतं. सगळ्या दोन दिवसांत अक्कल चालवून बोललेला तो एकटाच माणूस होता आणि त्याचं नावही कागदावर नव्हतं.

बुधवारी सकाळी काकांचा चेहरा सुजला होता, ओठ कोरडे. पाणी पाणी म्हणत होते. काकू चमच्याने ओठ ओले करत होत्या, जास्त देत नव्हत्या. खुर्चीतून खाली आणून तराफ्यावर निजवलं, पाठीला गादीची गुंडाळी, वर प्लॅस्टिक. काकांनी डोळे उघडले, अंगाखालच्या केळीवर हात फिरवला.

"लग्नात मांडवाला केळी बांधतात," ते म्हणाले. "इथं नवऱ्यालाच केळीला बांधलं."

"बोलू नका," काकू म्हणाल्या. "दम लागतोय."

कोळी पुढे दोर धरून, मी आणि इमारतीतले दोघं बाजूंनी, काकू मागून छातीभर पाण्यात, फाइल डोक्यावर. कुंपणं, गटारं, बुडालेल्या स्कूटर, सगळं पायाने चाचपत. रुळांच्या बांधावर चढवताना काकांच्या तोंडून आवाज आला, तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. तिथून खुर्चीत बसवून आळीपाळीने उचललं. वाटेत अनोळखी माणसं खांदा द्यायला यायची, शंभर पावलं चालायची, आपल्या वाटेला लागायची.

दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मशीन वरच्या मजल्यावर, कोरडं. जनरेटर चालू होता. तंत्रज्ञ मुलगी हजर होती, सोमवारपासून तिथेच झोपत होती. काकूंनी हात जोडले. ती मुलगी रडवेली होऊन म्हणाली, मशीनला स्वच्छ पाणी लागतं, भरपूर लागतं, टाकीत गढूळ पाणी शिरलंय, गाळणी चोंदलीय. टँकर मागवलाय. येतोय.

खिडकीतून सगळीकडे पाणीच पाणी दिसत होतं.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. टँकर पुलापलीकडे अडकला होता. मी पुलापर्यंत जाऊन आले, ड्रायव्हरच्या पाया पडले. तो तरी काय करणार. तीन वाजता काकांना मी दिसले का माहीत नाही, ते माझ्या दिशेने पाहत होते. सव्वातीनला गेले. टँकर चारनंतर आला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कामी आला, हे बरंच झालं.

पाणी ओसरलं. नगरपरिषदेने अहवाल काढला. तो मिळवायला या वेळी फार भांडावं लागलं नाही. आमच्या भागापुढे लिहिलं होतं, जीवितहानी: निरंक. मी कारकुनाला विचारलं, तळमजल्यावरचे काका? तो नजर न उचलता म्हणाला, ते आजाराने गेले, दवाखान्यात गेले. पाण्यात बुडालेलेच धरतात.

मी घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. असं मी कधीच लिहिलं नव्हतं. पांढरी शाई, मेलेला मालक, सुकलेल्या होड्या, "कळविले", निरंक, सगळं एकेक करून मांडलं. वाचताना माझेच केस उभे राहिले. वर काकांचं नाव मोठ्या अक्षरांत. छापण्याआधी काकूंना दाखवायला खाली गेले. तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. भिंतीवर पाण्याची रेघ तशीच होती, काकू ओल्या गाद्यांचा कापूस उन्हात पसरत होत्या.

हात पुसून त्यांनी कागद घेतला. सावकाश वाचला, मागची बाजूही पाहिली.

"खरं आहे सगळं," त्या म्हणाल्या. "सोमवार कुठाय?"

मी म्हटलं, मंगळवारपासून लिहिलंय, त्यांची चूक तिथून सुरू होते.

"त्यांची तिथून होत असेल," काकू म्हणाल्या. "रिक्षा सोमवारी उभी होती. पाणी एवढं होतं." त्यांनी वाकून आपल्या घोट्याला हात लावून दाखवला. "त्यांनी चपला घातल्या होत्या गं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी माफी मागायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग. तुझा तो गुलाबी कागद गावभर गेलाय. पुढच्या वर्षी कुणीतरी तो वाचून घरात बसून राहील. पळू नका म्हणे. पाणी चढलं की पळावं. हे लिही, आणि कुणी सांगितलं होतं थांबा म्हणून, तेही लिही. तोवर त्यांचं नाव त्यावर घालायचं नाही."

मी संघटनेच्या बैठकीत हे मांडलं. सगळे माझ्यापेक्षा शहाणे होते. कॅमेरावाला म्हणाला, आपणच आपल्याविरुद्ध पत्रक काढायचं? नगरपरिषदेला आयतं कोलीत मिळेल, म्हणतील हेच लोकांना घरात बसा सांगत होते. दुसरी म्हणाली, तुझं दुःख कळतं, पण लढा मोठा आहे. मी त्यांना दोष देत नाही. सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या कुणी हे मांडलं असतं तर मी हेच बोलले असते, आणखी जोरात बोलले असते. मतं घेतली. माझ्या बाजूला मी एकटी. ठरलं की माझं आधीचं पत्रक छापायचं, नाव न घालता, "एक वृद्ध नागरिक" म्हणून. त्यांनी ते छापलं. चांगलं गाजलं. एका दैनिकात चौकटही आली. नगरपरिषदेने नवीन समिती नेमली. त्यानंतर मी बैठकांना गेले नाही.

मी दुसरा कागद हाताने लिहिला. सोमवारपासून सुरू केला. रिक्षा, पिशवी, चपला, मी त्या वेळी काय म्हटलं ते शब्दाला शब्द. कॅमेऱ्याचा फोन. मंगळवारी सकाळची गॅलरी, मग टेबलासमोरचे ते तास. होड्यांचं नंतर. निरंक सगळ्यात शेवटी. माझ्या भाषेची धार त्यात कुठेच लागली नाही, वाक्यं एकापुढे एक नुसती उभी राहिली. शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलं, पाणी घोट्याला लागलं की निघा, कुणाची वाट पाहू नका, आमचीसुद्धा.

श्रावण संपत आला होता. काकूंनी दाराशी उजेडात बसून वाचला. कॅमेऱ्याच्या ओळीपाशी त्या थांबल्या, ते त्यांना माहीत नव्हतं. मी उठून जावं की बसावं मला कळेना. मग पुढचं वाचून संपवलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"घाल नाव," त्या म्हणाल्या.

मी पेन काढलं. त्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट, मी लिहून घेतलं. झेरॉक्स काढून मीच घरोघरी वाटते म्हटलं तर म्हणाल्या, नको, मी पण येते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो, तळमजल्यांपासून.